दलदलीचा लिलाव, सोयाबीनला कुलूप



वांद्रे आणि कुर्ल्याच्या मध्ये, मिठी नदीच्या काठाला खारफुटीची दलदल होती. शेतकीच्या पुस्तकात अशा जमिनीला खार जमीन म्हणतात. पायलीभर धान्य पिकायचे नाही. 1977 साली सरकारने तिचे नियोजन प्राधिकरणाकडे सोपवले. भराव पडला, काचेच्या इमारती उठल्या, वांद्रे-कुर्ला संकुल झाले. 2019 साली तिथल्या सुमारे 3 एकरांच्या भूखंडाला जपानच्या सुमितोमोने 2,238 कोटींची बोली लावली, तीही 80 वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी! आमची तक्रार नाही. ज्याचा माल त्याने चढ्या बोलीला द्यावा, हेच आपण सांगत आलो.

आमचा सवाल त्याच संकुलातल्या जी ब्लॉकला आहे. तिथे सेबीचे मुख्यालय आहे. 2021 च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेले. सरकारने लगेच 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. डिसेंबरात सेबीने सोयाबीनचे वायदे बंद केले; हरभरा, मूग, गहू, धान, मोहरी, पामतेल यांचेही तेच. मुदत वर्षाची म्हणाले आणि ती पुन्हा पुन्हा वाढवली.

राष्ट्रीय शेअर बाजारही याच ब्लॉकात. मार्च 2020 मध्ये निर्देशांक 10 टक्के कोसळला, तेव्हा व्यवहार किती थांबले? 45 मिनिटे. शेअरला चहापुरती सुट्टी, सोयाबीनला वर्षानुवर्षे कुलूप.

वायदा म्हणजे सट्टा, असे पंडित सांगतात. सट्टेवाल्याचे काय बिघडले? तो दुसऱ्या सौद्याकडे वळला. गेले ते आपले. वायद्यात स्वतः सौदा करणारे आपल्यात थोडेच, हे खरे. पण पेरतानाच काढणीचा भाव दिसायचा आणि आडत्यापुढे उभे राहताना तो आकडा खिशात असायचा. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 असताना त्याच्या खाली सोयाबीन द्यावे लागले. पेरणीच्या वेळी हा भाव दाखवणारे कोणी होते का?

नाबार्डचे मुख्यालयसुद्धा तिथेच, जी ब्लॉकात. कर्जाचा हिशेब एका इमारतीत, भाव पाडण्याचा दुसऱ्या.

जिल्हा बैठकीला येताना बंदीच्या वर्षांतल्या सोयाबीन-हरभऱ्याच्या विक्रीपट्ट्या आणि पेरणीच्या खर्चाचा कागद बरोबर आणा. सेबीला द्यायच्या निवेदनाला त्या जोडायच्या आहेत.