नुसतंच खट्ट!

खिशात मावणारा, ‘असिस्टेड ओपनिंग’वाला चाकू ऑफिसात भाव खाऊन जातो. हिंदी सिनेमातल्या रामपुरीचा खटका वेगळा. इथे पातं अंगठ्याने जरासं ढकलायचं, उरलेलं काम आतली स्प्रिंग करते. खट्ट! कुरिअरची टेप, कुणाच्या तरी बर्थडेचा केक, सगळं स्टाइलमध्ये.

पण माझ्याकडचा नेकनूरच्या आठवडी बाजारात उघडा पडला. म्हणजे, उघडलाच नाही. पोत्याची सुतळी कापायला काढला, तर पातं अर्ध्यातच थांबलं. खिशातला कचरा बिजागरीत. नखाने ओढून काढलं, तर धार सुतळीवरून नुसती घसरत राहिली. सगळं डोकं उघडण्यावर, पोलादावर काही नाही! (आणि ‘एव्हरीडे कॅरी’ म्हणे. विमानाच्या केबिन बॅगेत न्यायची सोय नाही.)

शेजारच्या आजोबांनी चंचीतून अडकित्ता काढला. दोन दांड्या, एक रिव्हेट, स्प्रिंगबिंग काही नाही. कचकन सुतळी तोडली, धोतराला पुसला आणि सुपारी कातरायला घेतली.

‘‘घेता का खांड?’’

घेतलं.