भाऊबीजेचे शुभेच्छापत्र

दीपावली उंबरठ्यावर येऊन ठेपली आहे. भोरच्या पेठेत आकाशकंदील टांगले गेले, नसरापूरच्या बाजारात पणत्यांचे ढीग लागले, आणि घराघरांतून भाजणीचा खमंग वास दरवळू लागला. याच दिवसांत दुकानांच्या दर्शनी भागी रंगीबेरंगी शुभेच्छापत्रांची चळतही मांडलेली दिसते. त्यांतील 'भावासाठी' म्हणून जी वेगळी काढून ठेवलेली असतात, ती आम्ही परवा मुद्दाम चाळून पाहिली. कोणावर गळपट्टा, कोणावर मोटारगाडी, कोणावर विलायती बूट. नांगर धरणारा, रिक्षा हाकणारा, गिरणीच्या दारावर रात्रपाळीचा पहारा करणारा आमचा मावळी भाऊ त्यांत कोठेच नव्हता. आत छापील चार ओळी, आणि त्याही बहिणीच्या नव्हेत! बहुसंख्य घरांनी तर तेवढाही खटाटोप सोडला आहे. कोणा अनोळखी माणसाने रचलेले दिव्याचे चित्र भ्रमणध्वनीवरून एका बोटाने पुढे ढकलले की भाऊबीज साजरी झाली, असा आता समज रूढ होत आहे.

कागदाच्या तुकड्यावर अग्रलेख कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर म्हणून आम्ही प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी कोजागरीच्या कीर्तनानिमित्त तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावी आमचे जाणे झाले होते. कीर्तन आटोपल्यावर सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ आम्हांस आपल्या घरी घेऊन गेले. मुंबईस कापडगिरणीत त्यांची उमेद गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मिटेल मिटेल म्हणता मिटला नाही, आणि हे गावी परतले. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक पुडके काढले. त्यात सात पत्रे होती. शाळेच्या वहीचा पुठ्ठा कापून दुमडलेला, त्यावर भेंडीची आडवी चकती गेरूत बुडवून उठवलेली पाच पाकळ्यांची फुले, आणि मधोमध कुंकवात बुडवलेला आंगठा. अक्षर एकही नाही. हिरडस मावळात दिलेली त्यांची बहीण शाळेची पायरी चढलेली नव्हती. पाकिटावरचा पत्ता तेवढा गावच्या गुरुजींकडून लिहून घेई. भाऊबीजेला गिरणीतून रजा मिळाली नाही, त्या प्रत्येक वर्षी एक पत्र आलेले.

यापुढची हकीकत त्यांनी अगदी सहज सांगितली. पुण्याकडून जमिनीचे भाव चढत चढत खोऱ्यांत आले, तेव्हा घरच्या मंडळींनी बहिणीचे हक्कसोडपत्र करून घ्यावे असे ठरवले. सर्वजण कचेरीत गेले. टेबलावर शाईची गादी आली, बहिणीने मुकाट्याने आंगठा पुढे केला. "तो आंगठा मी ओळखला, बुवा," ते म्हणाले. "त्यानं मला सात दिवाळ्या पत्रं धाडली होती. म्हटलं, राहू द्या." कागद तसाच परत आला. बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आजही आहे.

'मुद्रा' या एका शब्दात आपल्या भाषेने ठसा, खूण, अंगठी आणि चेहऱ्यावरचा भाव इतके अर्थ साठवले आहेत. ठसा उमटवणे ही आपल्याकडे परकी गोष्ट कधीच नव्हती. भागवत धर्मातील भाविक गोपीचंदनाच्या मुद्रा अंगावर धारण करतात. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी दारापासून देवघरापर्यंत मूठ टेकवून पावले उमटवली जातात. मंगलकार्यात भिंतीवर हळदीकुंकवाचे पंजे उठतात, आणि लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना कुंकवाचे बोट लागल्यावाचून ती देवापुढे ठेवली जात नाही. बलिप्रतिपदेला गोठ्यातल्या जनावराच्या पाठीवर वाटीचा काठ रंगात बुडवून वर्तुळे काढणारा शेतकरी हा कोणा चित्रशाळेत शिकून आलेला नसतो. शुभेच्छापत्र छापून वाटण्याची रीत मात्र विलायती खरी. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी हॉर्सले नावाच्या चित्रकाराकडून नाताळासाठी पहिले पत्र काढून घेतले, असे तिकडचा इतिहास सांगतो. आपल्या हाती पाव आण्याचे पोस्टकार्ड आले ते १ जुलै १८७९ रोजी. पण कागदाचे वाहन परके असले म्हणून त्यावरचा हात परका असावा, असे थोडेच आहे?

आणि हा मुलूख तर ठशांचा आणि पत्रांचाच मुलूख. भोर तालुक्यातील रांझे गावच्या पाटलाच्या अपराधाचा निवाडा करणारे, २८ जानेवारी १६४६ चे पत्र हे शिवछत्रपतींची मुद्रा असलेले सर्वांत जुने उपलब्ध पत्र मानले जाते. तो निवाडा एका स्त्रीच्या अब्रूसाठी होता, हे आमच्या भगिनींनी विसरू नये. ज्या काळी दरबारी शिक्के फारसीत खोदले जात, त्या काळी ही अष्टकोनी मुद्रा संस्कृत अनुष्टुभात घडवली गेली. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी आणि लोककल्याणासाठी असलेली मुद्रा, असा तिचा आशय. प्रतिपदेची ती कोर डोळ्यांना सहसा दिसत नाही. ती दिसते दुसऱ्या दिवशी, बिजेला. भाऊ दूर असला, किंवा नसलाच, तर आमच्या मायबहिणी भाऊबीजेच्या संध्याकाळी अंगणात जाऊन ज्या चंद्राला ओवाळतात, तो हाच. मुद्रा मस्तकी उठे आणि पत्र संपले की शेवटी मर्यादेचा दुसरा शिक्का उठे, म्हणजे त्यापुढे कोणी मागाहून मजकूर घुसडू नये. ज्या भोरास पंत सचिवांची गादी १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत नांदली, त्या सचिवपदाचे कामच मुळी राजपत्रे तपासणे, त्यांतील अधिकउणे अक्षर शुद्ध करणे आणि मग त्यावर आपली खूण करणे हे होते. रायगडापूर्वीची राजधानी असलेला राजगड ज्या वेल्हे तालुक्यात उभा आहे, त्या तालुक्यास राजगडाचेच नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. नाव बदलले, आनंद आहे. पत्राची आणि ठशाची सवयही या खोऱ्यांत परत यावी, असे आम्हांस वाटते.

भाऊबीजेची कथा सर्वश्रुत आहे. यमुनेने आपल्या भावास, साक्षात यमास, घरी बोलावून जेवू घातले. म्हणून या दिवसास यमद्वितीया म्हणतात आणि पुरुषाने या दिवशी स्वगृही न जेवता बहिणीच्या हातचे जेवावे, असे शास्त्र सांगते. याच दिवशी यमाच्या दरबारचा लेखनिक जो चित्रगुप्त, त्याची आणि लेखणी-दौतीची पूजा कायस्थ मंडळींत होते. जेवण, ओवाळणे आणि लेखणी, तिन्ही एका तिथीस आली आहेत. आमच्या मते त्यात योजना आहे. कोणास योगायोग वाटला तरी आमची हरकत नाही.

दिवाळीच्या या दिवसांत पुरुषाच्या हाती राहते काय, याचा विचार कोणी केला आहे काय? पाडव्यास पत्नीस ओवाळणी, बिजेस बहिणीस ओवाळणी, मुलांना फटाके, घरी किराणा. देणारा तो. त्याला जे मिळते ते अभ्यंगाचे पाणी वाहून जाते, उटण्याचा वास दुपारपर्यंत विरतो, फराळ आठ दिवसांत संपतो. पुरुषाला असल्या नाजूक गोष्टींचे काय, असे आपण म्हणतो आणि तोही मान डोलावतो. पण पेटीच्या तळाशी सात पुठ्ठे तीस-चाळीस वर्षे कोणी जपून ठेवले होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि आता कबूल करावयास हवे की, आम्ही स्वतः कैक वर्षे आमच्या थोरल्या भगिनीस भाऊबीजेची मनीऑर्डर पाठवीत आलो आणि तिच्या तळाशी मजकुरासाठी सोडलेली जागा कोरीच ठेवीत आलो. लोकांना व्यासपीठावरून बंधुप्रेम सांगणाऱ्याची ही तऱ्हा!

पत्र करावे कसे, हे सांगणे ओघाने आलेच. कागद जाड असावा. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद मिळाला तर उत्तम. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून के. बी. जोशी यांनी १९४० साली पुण्यास शिवाजीनगरी हातकागद संस्था उभी केली, ती याच विद्येसाठी. आपल्या जिल्ह्यातील जुन्नरचा कागद तर पेशवाईच्या दप्तरांत नांदलेला आहे. त्या काळी कागदास खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटीत, म्हणजे शाई फुटत नसे. घरच्या कागदाचा रंग पसरत असेल तर तांदळाच्या पातळ खळीचा एक हात देऊन तो वाळवावा. ठशासाठी बटाटा आडवा चिरावा, कापडाने कोरडा करावा, नाहीतर त्याचे पाणी रंगात उतरते. मग चाकूच्या टोकाने आकृती उठावाची ठेवून भोवतालचा भाग खोदून टाकावा. हा ठसा दुसऱ्या दिवशी सुरकुततो, म्हणून सगळी पत्रे एका बैठकीत उरकावीत. भेंडीला कोरावेही लागत नाही. टिकाऊ ठसा हवा असेल तर मुलांचे खोडरबर कोरावे. कुंकू नुसत्या पाण्यात कालवले तर ओघळते, त्यात डिंकाचे पाणी घालावे. हळदीचा रंग उन्हाने उडतो, गेरूचा टिकतो.

अक्षर कोरावयाचे असल्यास मात्र ते उलटे कोरावे लागते. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने 'श्री' कोरली आणि कागदावर ती पाठमोरी उभी राहिली, तेव्हा घरातल्या नातवंडांनी आमच्या पांडित्याची केलेली परीक्षा येथे सांगण्याजोगी नाही.

आकृती कोणती, हे बहिणीनेच ठरवावे. भाऊ शेतात असेल तर बैलाचे शिंग, गाडी हाकीत असेल तर चाक, पलटणीत असेल तर राजगडाच्या बालेकिल्ल्याची रेघ. त्याला काय आवडते हे तिच्याइतके कोणत्या छापखान्यास ठाऊक असणार? भाऊबीजेपुरतेच हे ठेवावे असेही नाही. भाच्याची मुंज, वडिलांची साठीशांत, आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन, प्रत्येक प्रसंगी हाच ठसा चालतो. सहस्रचंद्राला तर वाटीच्या काठाचा एक पूर्ण चंद्र पुरे.

आता अवघड बोलणे. पूर्वी बहिणीचा आंगठा कुंकवात बुडे. आता तो अधिक करून मुद्रांकावर उठतो. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने कन्येस वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राप्रमाणे वाटा दिला. तो तिला जन्मानेच मिळतो, वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. बहिणीने आपखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार, त्यात कोणी बोलू नये. परंतु माहेर तुटेल या भयाने ती सही करते, आणि सही झाल्यावर पुढल्या भाऊबीजेला भाऊ फिरकतही नाही, अशी घरे भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत आम्हांस ठाऊक आहेत. कीर्तनास ती मंडळी पुढच्या रांगेत बसतात. उलट, वाटा मागितला म्हणून जिचे औक्षणाचे तबक नाकारले गेले, अशा भगिनीही आहेत. यमुनेने यमाकडे मागितले तेव्हा त्याने दिले, आणि पुढल्या वर्षी तो पुन्हा जेवावयास आला. कथेचा हा उत्तरार्ध आमच्या पुरुषश्रोत्यांनी अधिक लक्ष देऊन ऐकावा, अशी आमची विनंती आहे. ज्यांच्या घरी असा अबोला शिरला असेल, त्या घरी पहिला ठसा भावाने उठवावा. पत्र बहिणीनेच पाठवावे असा काही दंडक नाही.

वसुबारसेच्या आदल्या आठवड्यात पत्रे पेटीत पडली तर मुंबईस आणि पलटणीच्या ठाण्यांवर ती वेळेवर पोचण्याची आशा धरता येते. डोंगरावरच्या वाडीवस्तीस टपाल रोज चढत नाही, तेथे धाडावयाचे असेल तर आणखी चार दिवस हाताशी ठेवावेत. पत्र घडी करण्यापूर्वी ठसा पुरता वाळला आहे ना, हे बोटाने पाहून घ्यावे.