ही हद्द कुणाची?

गेल्या महिन्यात चेंबूरला आपल्या पोरांचा अभ्यासवर्ग होता. विषय होता आफ्रिकेतल्या काळ्यांच्या वस्त्या आणि पोलीस. एकाने मोबाईलवर नायजेरियाची फिल्म लावली. ऑक्टोबर २०२०, लागोस शहरातला लेक्की टोलनाका, रात्रीची वेळ, हातात झेंडे घेऊन बसलेली पोरंपोरी आणि त्यांच्यावर लष्कराच्या गोळ्या. दरोडेखोर पकडायला म्हणून तिथल्या सरकारने १९९२ साली 'सार्स' नावाचं पोलीस पथक काढलं होतं. ते पथकच पुढे रस्त्यात पोरांना धरून लुटायला लागलं. हातात बरा मोबाईल दिसला की संशयित. म्हणून पोरं उठली होती. फिल्म संपली. सगळे गप्प. मग मागून एक जण म्हणाला, "पण भाऊ, त्या लोकांत गुन्हेगारी पण जास्तच असते ना?"

च्यायला! हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. पारध्यांबद्दल ऐकलंय, मांगांबद्दल ऐकलंय, आपल्या झोपडपट्ट्यांबद्दल तर रोज ऐकतो. तेच वाक्य आता आपल्या पोराच्या तोंडात, फक्त जात बदलून. २०१३ साली गोव्यात पर्र्याला एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या दोस्तांनी महामार्ग अडवला. तर तिथल्या एका मंत्र्याने या लोकांना कॅन्सर म्हटलं. मेलेला माणूस बाजूला राहिला आणि चर्चा सुरू झाली ती जिवंत असणाऱ्यांच्या व्हिसाची. तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी तोंड उघडलं? मी तरी उघडलं नव्हतं. पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं, आणि काळा माणूस आपल्या नाक्यावर उभा राहिला की त्याला 'हबशी' म्हणून हसायचं, हे आपलं चाललंय.

त्या पोराला मी आफ्रिका शिकवत बसलो नाही. अक्कलकुव्याची गोष्ट सांगितली. बोलताना ती नीट सांगता आली नाही, म्हणून लिहितो.

मी अक्कलकुव्याचा. बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला, त्याआधी आम्ही धुळ्याचे. देवगोईचा घाट चढून गेलं की मोलगी, आणि मोलगीपलीकडे सातपुड्याचे डोंगर उतरत उतरत नर्मदेला जातात. वर भिल्ल, पावरा. खाली आम्ही. खालचे आम्ही वरच्यांना हसायचो, हे आधीच कबूल करून टाकतो. बाजाराच्या दिवशी आमचूर विकायला डोंगरातून आलेली बाई दिसली की आमच्या वस्तीतली पोरंसुद्धा तिची भाषा वाकडी करून बोलून दाखवायची. उतरंडीत शेवटच्या मडक्यालाही खाली आणखी एक मडकं पाहिजे असतं.

गेल्या पावसाळ्यात घरी गेलो होतो. मोलगीपलीकडच्या एका गावची म्हातारी आमच्या ओळखीच्या घरी येऊन राहिली होती. तिला सगळे याहा म्हणायचे. याहा म्हणजे आई. गावात एक लहान पोर तापाने मेलं होतं. दवाखाना लांब, रस्ता वाहून गेलेला, बांबूच्या झोळीतून न्यायला उशीर झाला. मग भगताला विचारलं, आणि भगताने याहाचं नाव घेतलं. डाकीण. रात्री पुतण्यांनी तिला मारलं, डोकं फोडलं, झोपडीला काडी लावायची भाषा केली. ती अंधारातच निघाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी खाली पोचली.

पुतण्यांना डाकिणीशी काही घेणंदेणं नव्हतं. तिच्या नावावर थोडी जमीन आहे, तिला मुलगा नाही, मुलगी आहे. बाकी तुम्ही समजा.

मी तिला घेऊन एका ठाण्यात गेलो. ड्युटीवरचा हवालदार वयाने माझ्याएवढाच, आडनाव तिच्या नवऱ्याचंच. तिच्याशी तिच्याच भाषेत बोलला, पाणी दिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, ही आमची हद्द नाही." दुसऱ्या ठाण्यात गेलो. तिथे म्हणाले, घरचं भांडण आहे, गावात बसून मिटवा. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ठाण्यात. आता अदखलपात्र लिहून घेतलं. मी म्हटलं, साहेब, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आहे, जामीनसुद्धा सहज मिळत नाही. हद्दीचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली तिच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय की हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायची. हवालदाराने ऐकून घेतलं. हसला नाही, चिडला नाही. म्हणाला, "दादा, कायदा मला पण माहीत आहे. वरून फोन आल्याशिवाय मी लिहू शकत नाही."

वरून फोन! नंदुरबारच्या एका कार्यकर्त्याने कुणाला तरी धरून तो फोन लावला, तेव्हा कुठे चौथ्या दिवशी गुन्हा नोंदला.

त्याच आठवड्यात गावात कुणी पुढारी येणार होता. सकाळी सातला चार गाड्या पोलीस रस्त्यावर उभे. याहा ओट्यावर बसून बघत होती. मला म्हणाली, "पोरा, मला हे लोक माहीत आहेत. धरणाच्या वेळी आम्हाला उठवायला आले तेव्हा डोंगर चढून आले, नावेतून आले. आता मी बोलावते तर म्हणतात रस्ता नाही."

मी तिथल्या तिथे गप्प झालो. कारण मी मुंबईत वीस वर्षं 'पोलीस मुर्दाबाद' ओरडत आलोय, आणि ही बाई, जिने त्यांच्या लाठ्या खाल्ल्या, तीच मला म्हणत होती, त्यांना माझ्या गावात आण.

धरणाचं तुमच्यापैकी कमी जणांना माहीत असेल. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, सगळी आदिवासी. पहिलं गाव मणिबेली, आमच्या अक्कलकुवा तालुक्यातलं. १९९२-९३ मध्ये तिथे पोलीस तळ ठोकून बसले, त्यांच्या बंदोबस्तात घरं मोडली. ज्या गावात शाळेचा मास्तर पोचत नव्हता तिथे बंदूक पोचली. जागतिक बँकेने नेमलेल्या मंडळाने जून १९९२ मध्ये या पुनर्वसनाचे वाभाडे काढले, मार्च १९९३ मध्ये बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं. पोलीस थांबले नाहीत. १९ नोव्हेंबर १९९३ ला धडगाव भागात चिंचखेडीला सर्व्हे अडवायला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. रेहमल पुन्या वसावे मेला. पंधरा वर्षांचा होता. आपण १९९७ चं रमाबाई नगर विसरत नाही, विसरूही नये. पण रेहमलचं नाव आपल्या किती पोस्टरवर आहे?

आता त्या हवालदाराकडे परत या. त्याचं आडनाव याहाचंच, पण त्याचा कान वरच्या फोनला. हे काही आजचं नाही. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे आला. डोंगरातला भिल्ल हाती येईना, तेव्हा १८२५ साली जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. भिल्लाला आवरायला भिल्ल. पुढे १८६१ चा पोलीस कायदा आला, तो आयर्लंडच्या लोकांना दाबण्यासाठी उभारलेल्या शिपायांच्या नमुन्यावर. तोच नमुना इंग्रजांनी आफ्रिकेत नेला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा, १९११ पासून तो आपल्या मुंबई इलाख्यातही: बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायचं तर पास. तिकडे केनियात १९२० च्या सुमारास काळ्या पुरुषांच्या गळ्यात 'किपांडे' लटकवला. पत्र्याच्या डबीत कागद, कागदावर बोटांचे ठसे आणि तो कुठल्या गोऱ्या मालकाकडे राबतो त्याची नोंद. दक्षिण आफ्रिकेत तसलाच पास. त्या पासाविरुद्ध लोक २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला पोलीस ठाण्यासमोर जमले, तर सरकारी आकड्यानेच ६९ माणसं मारली, बऱ्याच जणांच्या गोळ्या पाठीत. पळणाऱ्याच्या पाठीत!

आपल्याकडचा तो कायदा १९५२ साली गेला. ठाण्यातली नजर गेली का? विचारा कुठल्याही पारध्याला.

हे सगळं आपल्या पोरांना पाठ आहे, भाषणात टाळ्याही मिळतात. पण याहाचा प्रश्न याने सुटत नाही. तिला पोलीस नको होते तेव्हा आले आणि पाहिजेत तेव्हा येत नाहीत. या दोन गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत होतात, आपण मात्र फक्त पहिलीवर बोलतो.

दुसरीवर केप टाऊनच्या काळ्यांनी बोलायला घेतलं. खायलित्शा म्हणून तिथे मोठी वस्ती आहे, पत्र्याच्या खोल्या, सार्वजनिक संडास. रात्री संडासला निघालेल्या बाईवर हल्ला होणार हे गृहीत. पोलिसांना बोलवा, येत नाहीत. मग वस्तीतली माणसंच चोराला धरून गळ्यात टायर अडकवून जाळायला लागली. वस्तीतल्या संघटनांनी चौकशी मागितली, २०१२ मध्ये आयोग नेमला गेला. पोलीस मंत्री आयोग बंद पाडायला कोर्टात गेला आणि हरला. २०१४ मध्ये अहवाल आला: माणशी पोलीस सगळ्यात कमी कुठे, तर जिथे गरीब काळे राहतात तिथे. मग ते कोर्टात गेले, आणि २०१८ मध्ये कोर्टाने सांगितलं की पोलिसांची ही वाटणी वर्ण आणि गरिबी बघून केलेला भेदभाव आहे. लक्षात घ्या, हे वर्णद्वेषी राजवट जाऊन वीस-चोवीस वर्षं झाल्यावर, काळ्यांचंच सरकार असताना.

आपल्या त्या पोराला मी हेच सांगत होतो. गुन्हा वस्तीच्या रक्तात नसतो. दारात पोलीस येतो तो तुला धरायला, तुला वाचवायला येत नाही. त्या रिकाम्या जागेत मग दादा उभा राहतो, पंच उभा राहतो, भगत उभा राहतो.

आणि कुणी म्हणेल, पोलीस नको, आमचा समाज आमचा न्याय करील. बाबांनो, याहाचा न्याय तिच्या समाजानेच करायला घेतला होता. ती पुतण्याची पोरं काही राक्षस नाहीत. त्यातला एक जण वनजमिनीच्या मोर्चात नंदुरबारपर्यंत चालत गेलेला, पायाला फोड आलेले. मोर्चात तो माझा भाऊ आणि रात्री म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात काठी. ॲट्रॉसिटीचा कायदा इथे कामाला येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने जादूटोण्याचा आळ घेणं त्यात घातलं खरं, पण आरोपी दलित-आदिवासींच्या बाहेरचा पाहिजे. घरातल्या काठीला तो कायदा नाही. त्या काठीवर आपल्या मासिकात किती लेख आले? मोजा.

उलट कुणी म्हणेल, मग ठाणी वाढवा, चौक्या वाढवा. कशाला? देसाईगंजला ठाणं होतंच की. १९७२ साली मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर त्या ठाण्याच्या आतच बलात्कार झाला, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडून दिलं. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीला पोलिसांनी धरलेला सोमनाथ सूर्यवंशी कोठडीतून जिवंत बाहेर आला नाही. ठाणं जवळ आलं म्हणजे माणूस सुरक्षित झाला असं होत नाही. त्या ठाण्यातला फोन कुणाचा वाजतो, हे बघायचं. पुढाऱ्याचा वाजतो तोवर चार गाड्या पुढाऱ्याच्या. याहाचा वाजेल तेव्हा बोलू.

हे फक्त कोर्टाने होणार नाही आणि फक्त घोषणेने तर नाहीच. ठाण्यात जाऊन बसावं लागतं. तक्रार घेतली नाही तर का घेतली नाही ते लेखी मागावं लागतं, न दिल्यास पोलीस अधीक्षकाला टपालाने पाठवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. फोटो निघत नाही. मला स्वतःला चार दिवसांत तीनदा वाटलं की सोडावं आणि मुंबईची बस धरावी.

याहा आता मुलीकडे असते. खटला अजून उभा राहायचाय, पुतणे जामिनावर आहेत, आणि तिच्या शेतात या वर्षीही त्यांनीच पेरलंय. ती विचारते, कापणीला मी गेले तर पोलीस येतील का बरोबर. मी दिवाळीनंतर जाणार आहे. चेंबूरच्या त्या पोरालाही म्हटलंय, चल. तो म्हणाला, बघतो.