कर्जत लाइनवरचा पूर्णवर्ग

नेरळ म्हटलं की माथेरानची मिनी ट्रेन आठवते. १९०७ पासून ती इथून डोंगर चढते आहे. मात्र नेरळहून मुंबईला जाणारी लोकल वाटेत ज्या डोंबिवलीला थांबते, त्या स्टेशनाने गणिताला एक देखणी संख्या दिली, हे डब्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं.

गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर डहाणूत जन्मले, ठाण्यात शिकले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२३ साली त्यांना डोंबिवली स्टेशनवर काही खास संख्यांचा अभ्यास करायची कल्पना सुचली. जीआयपी रेल्वेवरच्या या स्टेशनाचं तेव्हाचं नाव त्यांनी ‘डेम्लो’ असं नोंदवलं आहे. म्हणून त्या संख्याही डेम्लो झाल्या.

त्यांतली सर्वांत डौलदार संख्या १२३४५६७८९८७६५४३२१. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, तीच. सतरा अंकी ही संख्या ११,११,११,१११ चा वर्ग आहे.

असं का होतं, हे सहावीतल्या मुलालाही कळेल. १११ ला १११ ने गुणताना १११ च तीनदा लिहायचे, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. मग उभी बेरीज करायची. कडेला एक, त्याच्या शेजारी दोन, मध्ये तीन, पुन्हा दोन, पुन्हा एक : १२३२१. नऊ एकांपर्यंत हे बिनबोभाट चालतं. दहा एक घेतले की मधल्या घरात बेरीज दहा येते, हातचा शेजारच्या नवावर जातो, तिथेही दहा होतात आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. घडी विस्कटली ती एका हातच्याने.

संख्या आतूनही तितकीच मजेची आहे. आठ गाळलेल्या १,२३,४५,६७९ ला ९ ने गुणलं की नऊ एक मिळतात. हे नऊ एक म्हणजे ९ × ३७ × ३,३३,६६७. त्यामुळे त्यांच्या वर्गाला ८१ ने पूर्ण भाग जातो. त्याच्या अंकांची बेरीजही ८१. त्याला एकूण विभाजक ४५. विषम, कारण तो पूर्णवर्ग आहे.

कापरेकरांनी १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवलं. त्यांचं संशोधन म्हणजे पोरखेळ, असं अनेक गणितज्ञांना वाटे. १९७५ मध्ये गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाने दखल घेतली. तो पोरखेळ नव्हता. नमुना दिसणं, तो का दिसतो हे शोधणं आणि कुठे मोडतो ते पाहणं, गणित म्हणजे हेच. आणि इथे त्यासाठी पाटी-पेन्सिल पुरते.

डोंबिवली स्टेशनवर या संख्येचा फलक लागायला हवा. तोवर नेरळ, कर्जत, खालापूरच्या शिक्षकांनी १७ जानेवारीला, कापरेकरांच्या जन्मदिवशी, एक तास राखून ठेवावा. मुलांना हाताने गुणाकार करू द्यावा, कॅल्क्युलेटर नको, गुण नकोत. आणि दहाव्या एकाला काय बिघडतं, ते त्यांनाच सांगू द्यावं.