एकेका घरावर येणारी आपत्ती

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली. सुमारे आठ हजार माणसे गेली, ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या ढिगाऱ्यांपर्यंत धान्य, तंबू आणि औषधांच्या पाठोपाठ मनोविकारतज्ज्ञही पोहोचले, कारण आघात एवढा मोठा होता की माणसे आतून कोसळली आहेत हे कोणाला सांगावे लागले नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आपत्तीची चाल वेगळी आहे. इथे ती बहुतेक वेळा एकाच घरावर येते. तेंदूपत्ता तोडायला गेलेली बाई वाघाच्या हल्ल्यात जाते. बांधीत रोवणी चालू असताना वीज पडते. पुराच्या नाल्यात घरचा कर्ता वाहून जातो. पंचनामा होतो, पुढारी भेटून जातात, मदतीचा धनादेश येतो आणि प्रकरण निकाली निघते. घरात उरलेल्यांच्या मनाचे काय, हा रकाना त्या कागदांत नसतो. तो असावा का, आणि असला तर तो कोणी भरावा, याचा शांतपणे विचार करायची वेळ आली आहे.

कायद्याच्या दृष्टीने आधी अडचण पाहू. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार बाधित समाजाच्या झेपेपलीकडची हानी म्हणजे आपत्ती. एका घराचे दुःख या व्याख्येत सहसा बसत नाही. मदतीचे किमान निकष सांगताना हा कायदा निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय सोय, स्वच्छता यांची नावे घेतो, विधवा आणि अनाथांसाठी खास तरतुदी करायला सांगतो. मनाचा वेगळा उल्लेख करत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये मनोसामाजिक आधारासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः भूकंप, त्सुनामी, चक्रीवादळ असे मोठे प्रसंग होते. वीज पडून मृत्यू झाला तर वारसांना चार लाख रुपये मिळतात, वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यूसाठी राज्याने ही रक्कम २५ लाखांपर्यंत नेली. म्हणजे एकट्या घराचे नुकसान भरून द्यायचे, हे सरकारने मान्य केलेले आहे. मनाचे नुकसान तेवढे त्या मान्यतेबाहेर राहिले.

हा तालुका गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. एका बाजूला नवेगावचे जंगल, जे २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे; दुसरीकडे वडसा आणि लाखांदूर, जिथे सीटी-१ या वाघाची दहशत होती. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या पट्ट्यात त्याच्या हल्ल्यांत १३ माणसे गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो पकडला गेला, तोवर शेजारच्या गावांनी तो काळ जीव मुठीत धरून काढला. जंगल इथे पोटाशी बांधलेले आहे. उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता, पावसाळ्यात सात्या म्हणजे रानातली अळंबी, बाराही महिने सरपण. नवरा ज्या वाटेवर गेला त्याच वाटेने बायकोला पुढच्या हंगामात जावे लागते.

अशा घरातल्या माणसाला मदत घ्यायची झाली तर काय आडवे येते? पहिले अंतर. गोंदियाचे वैद्यकीय महाविद्यालय सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय त्याहून कितीतरी दूर. एका फेरीत दिवस जातो, दोघांची मजुरी बुडते, आणि हा उपचार एका फेरीत संपणारा नसतो. दुसरी अडचण नावाची. नागपूरला नेले म्हणजे पागलखान्यात नेले, असा अर्थ गाव लावते आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर तो अर्थ फार महाग पडतो. तिसरी अडचण डॉक्टरच्या टेबलावर येते. बाई सांगते की डोके ठणकते, छातीत धडधडते, हातपाय गळाले, झोप नाही. तिला सलाईन लागते, ताकदीच्या गोळ्या मिळतात. सहा महिन्यांपूर्वी घरात काय झाले, हे रांगेच्या घाईत कोणी विचारत नाही. बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत १०० पैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले होते. आघात झालेल्या, रस्त्यापासून आत असलेल्या गावात चित्र याहून बरे असेल असे मानायला आधार नाही.

तरीही एक आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. दुःख हा आजार नाही. माणूस गेल्यावर रडणे, न जेवणे, रात्रभर जागणे हे माणूसपणाचेच लक्षण आहे, आणि बहुतेक लोक आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. तेरवीपर्यंत घर भरलेले असते, शेजारणी सोबतीला निजतात, गावकरी बांधीतली कामे उरकून देतात. अशा वेळी बाहेरून कोणी प्रश्नावली घेऊन आले तर ते आधारापेक्षा उपद्रव ठरते. आघातानंतर लगेच सगळे बोलून दाखवायला लावण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते. शिवाय वाघ अजून त्याच जंगलात असेल तर त्याची भीती रास्तच आहे. तिच्यावर गोळी देणे म्हणजे धोका तसाच ठेवून फक्त घाबरणाऱ्याला गप्प करणे. घरात गॅस, शेतीपंपाला दिवसा वीज, जंगलात गटाने जाण्याची सोय, हे या भीतीवरचे पहिले उपाय आहेत आणि समुपदेशनाने त्यांची जागा घेऊ नये.

हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. गावाचा आधार तेरवीनंतर ओसरतो. ज्याला त्याला आपापली शेती असते. काही माणसे सावरत नाहीत. दोन-तीन महिन्यांनीही झोप परतलेली नसते, दारू वाढलेली असते, मूल शाळेत गप्प बसलेले असते, कोणाच्या मनात मरणाचे विचार घोळत असतात. त्यांच्याकडे पाहायला तेव्हा कोणी उरलेले नसते. म्हणून प्रश्न सरसकट सगळ्यांवर उपचार करण्याचा नाही. न सावरणारी माणसे वेळेवर ओळखण्याचा आहे.

हे काम तज्ज्ञांनीच करावे, असे म्हणणाऱ्यांची काळजी रास्त आहे. तीव्र नैराश्य आणि आत्महत्येचा धोका चार दिवसांच्या प्रशिक्षणावर सोपवता येत नाही. पण देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरा पडत नाही; ते प्रत्येक पाड्यावर येतील ही आशा पोकळ आहे. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची मोफत सेवा २०२२ पासून आहे आणि ती मोलाची आहे. मात्र फोन पुरुषाच्या खिशात, नेटवर्क टेकडीवर आणि घर दोन खोल्यांचे, अशा ठिकाणी बाईने मनातले बोलायचे कुठे? फोन लावून देणारे आणि सोबत बसणारे माणूस लागतेच.

असे माणूस गावातूनच तयार होऊ शकते, याचा पुरावा विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत चाललेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, समुपदेशक आणि डॉक्टर अशी साखळी बांधली होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मोठी झेप आहे. तरी चारांपैकी जवळपास तिघे तेव्हाही बाहेरच राहिले, आणि त्या प्रकल्पाला स्वतंत्र निधी व देखरेख होती, हेही विसरू नये. हेच काम आशाताईंच्या आधीच भरलेल्या पिशवीत टाकले तर नुसती नोंद होईल. २०२४च्या सुरुवातीला राज्यभरातल्या आशा मानधनासाठी आझाद मैदानात बसल्या होत्या. मोबदल्याशिवाय आणखी एक जबाबदारी देणे हा अन्याय ठरेल. आणि आशाताई गावचीच असल्याने बातमी फुटण्याची भीतीही आहे.

हे सारे तोलून आमचे मत असे. अशा प्रत्येक घराचा पत्ता सरकारकडे पंचनाम्याच्या रूपाने असतोच. वनरक्षक किंवा तलाठ्याने तो प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावा, आणि तेवढ्यावरच थांबावे. वनखात्यावर ज्या घराचा राग आहे, त्या घरात वनखात्याच्या माणसाने मन मोकळे करायला सांगणे योग्य नाही. पुढचे काम समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने करावे, आशाताई ओळख करून द्यायला सोबत असावी आणि तिला प्रत्येक भेटीचे पैसे मिळावेत. भेटी तीन पुरेत. पहिली पंधरवड्यात, फक्त जेवण, झोप, मुले आणि कागदपत्रे यांची विचारपूस करणारी. दुसरी दीड-दोन महिन्यांनी, गावाचा आधार ओसरल्यावर. तिसरी पुढचा तेंदूपत्ता किंवा रोवणी सुरू होण्याआधी, जेव्हा त्याच वाटेवर पाऊल ठेवायचे असते. ज्यांना गरज दिसेल त्यांच्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने अर्जुनी मोरगावच्या ग्रामीण रुग्णालयात बाजाराच्या दिवशी बसावे, म्हणजे वेगळी फेरी पडणार नाही आणि कोणाला वेगळे कारणही सांगावे लागणार नाही. पाटी ‘मनोरुग्ण’ अशी नको, साधी बाह्यरुग्ण विभागाची असावी.

दोन पथ्ये मात्र कडक पाळावी लागतील. नुकसानभरपाईचा एकही रुपया या भेटींवर अवलंबून नसावा. नाहीतर खरे दुःख दाखवण्याचीही माणसांना लाज वाटेल आणि न दाखवणाऱ्यावर संशय येईल. आणि मनाची नोंद भरपाईच्या फायलीत कधीही जाऊ नये.

यात नवे खाते, नवी इमारत लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने ही सेवा प्रत्येकाचा हक्क मानली आहे, आणि आवश्यक औषधे सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पातळीपासून वर मोफत मिळावीत असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे ती पातळी ग्रामीण रुग्णालयाची आहे. यावर खर्च होईल, डॉक्टरांचे प्रशिक्षण लागेल, काही भेटी निरर्थकही ठरतील. पण तालुक्यात वर्षाकाठी अशी घरे हजारोंनी नसतात आणि त्यांची यादी तयार असते. जिल्हा प्रशासनाने एका तालुक्यात एक वर्ष हे करून पाहावे, किती माणसे सावरली आणि किती निसटली याचा हिशेब ग्रामसभांपुढे मांडावा, आणि मग पुढे जावे. सुरुवात अर्जुनी मोरगावपासून व्हावी, कारण सर्वांत दूरच्या टोकाला जी व्यवस्था टिकते तीच जिल्ह्यात सगळीकडे टिकू शकते.