चार स्क्रूंची नेक

मुलुंडच्या आमच्या भाच्याने या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून इलेक्ट्रिक गिटारची नेक उतरवली आणि ताईने ‘मोडलीस ना!’ म्हणून कपाळावर हात मारला. मोडायचं काय त्यात? चार स्क्रू काढले की नेक हातात येते. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने ती सोय करूनच ठेवली होती. दुसरी नेक बसवताना खरी मेख आहे मापात. स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी. भाच्याची गिटार 24 इंच स्केलची, म्हणजे 1964 साली आलेल्या फेंडर मस्टँगच्या मापाची. स्ट्रॅटोकास्टर साडेपंचवीस इंची. मोठीची नेक छोटीला जोडली तर बसेलही एखादवेळी, पण बारावा फ्रेट नट आणि ब्रिजच्या बरोबर मध्ये येणार नाही आणि प्रत्येक पट्टीत सूर भलतीकडेच जाईल. तेव्हा नेक त्याच स्केलची घ्या, नाहीतर ब्रिज हलवायची तयारी ठेवा. पिकअप, नॉब, रंग खुशाल बदला. आणि छोट्या स्केलला ‘पोरांची गिटार’ म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. मस्टँग काढली होती शिकाऊ मुलांसाठी, गाजवली कर्ट कोबेनने! मिरजेत बायकांच्या पट्टीसाठी लहान तानपुरा बनतो, त्याला कुणी खेळणं म्हणतं का? स्केल आखूड म्हणजे तारांचा ताण कमी, बोटांना फाकावं कमी लागतं. लहान पंजाच्या माणसाने उगाच मोठीशी का झगडावं? फक्त जुलैत नेक बदलणार असाल तर ती आधी काही दिवस घरातच राहू द्या. आपल्या दमट हवेत लाकूड हलतं, नेकच्या आतला ट्रस रॉड पिळायची घाई नको.