निळ्या दिव्याचा मोह

नागपूरहून संध्याकाळी भिलाईला निघालेली गाडी साकोली-देवरीच्या जंगलपट्ट्यात पोहोचेपर्यंत चांगलाच अंधार पडलेला असतो. समोरच्या गाडीचा पांढराफेक झोत डोळ्यांत घुसतो आणि दोन-तीन सेकंद चालवणाऱ्याला काही दिसेनासे होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. तेवढ्यात दिवा नसलेली बैलगाडी असू शकते, सायकलवाला असू शकतो. आईवडिलांना मोतीबिंदू सुरू झाला असेल तर हा त्रास अधिकच; डोळ्यातले धुरकट भिंग उजेड पसरवते.

मग प्रत्येकाला वाटते, आपलाही दिवा तसाच हवा. दुकानदार बल्ब बदलून देतो, गाडी झकास दिसू लागते आणि आंधळे करणाऱ्यांत आणखी एकाची भर पडते.

खरे तर प्रोजेक्टर दिवा निघाला तो उजेडाला शिस्त लावण्यासाठी. बाहेरून तो काचेच्या फुगीर डोळ्यासारखा दिसतो. आत बल्बच्या मागे लंबगोल आकाराचा आरसा असतो. लंबगोलाला दोन केंद्रे असतात. एका केंद्रावर बल्ब ठेवला की आरशावरून उसळलेला उजेड दुसऱ्या केंद्रापाशी गोळा होतो. नेमक्या तिथेच धातूची छोटी पट्टी उभी केलेली असते. ती खालचा उजेड अडवते. पुढचे भिंग चित्र उलटे करते, म्हणून रस्त्यावर खाली उजेड आणि वर काळोख पडतो. मधली रेघ सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असते. स्लाइड दाखवायच्या जुन्या यंत्राचीच ही भावकी, फक्त इथे स्लाइडऐवजी पत्र्याची सावली पडद्यावर येते.

पट्टीची वरची कड सरळ नसते, तिला एक पायरी दिलेली असते. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून उजेडाची रेघ डावीकडे थोडी वर चढते. त्यामुळे रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसतो आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होत नाही. उजवीकडून चालणाऱ्या देशातला दिवा इथे आणून बसवला तर हा हिशेब उलटा होतो. अनेक गाड्यांत अप्पर दिला की हीच पट्टी खाली पडते आणि वरचा उजेड मोकळा होतो.

आता रंगाचे गुपित. भिंग निळा उजेड तांबड्यापेक्षा जरा जास्त वळवते, म्हणून त्या रेघेच्या कडेला निळसर-जांभळी किनार दिसते. समोरची गाडी खड्ड्यात किंवा गतिरोधकावर उसळली की ही किनार आपल्या डोळ्यांवरून सरकते आणि दिवा क्षणभर निळा चमकतो. साधा पिवळसर हॅलोजन असला तरी! लोक जिची नक्कल करतात ती निळाई बरेचदा अशी कडेवर सांडलेली असते. निळा रंग दिलेला हॅलोजन बल्ब मात्र पिवळा-तांबडा भाग गाळून टाकतो, म्हणजे पैसे मोजून उजेड कमी करून घेण्यातलाच प्रकार.

खोक्यावर छापलेल्या केल्विनच्या आकड्याचा अर्थ भिलाईकरांना निराळा समजवायला नको. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, तेव्हापासून या गावाने तापलेल्या लोखंडाचे रंग पाहिले आहेत. आधी काळपट तांबडे, मग नारिंगी, मग पिवळे. जितके तापेल तितके पांढऱ्याकडे. बल्बचा आकडा त्याच क्रमाने चढतो. हॅलोजन सुमारे ३२००, झेनॉन ४३००, दुपारचे ऊन ५५०० च्या आसपास. एलईडी काही इतका तापत नाही. त्याचा आकडा नुसता रंग सांगतो. ८००० चा दिवा म्हणजे जास्त प्रखर, ही समजूत चुकीची आहे. तो फक्त जास्त निळा.

पिवळ्या उजेडाचीही एक दंतकथा आहे. तो धुके भेदतो, असे म्हणतात. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्यानंतर पिवळे दिवे सक्तीचे झाले आणि १९९३ मध्ये ती सक्ती गेली. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की सगळेच रंग सारखेच परत फिरतात. पिवळा डोळ्यांना सौम्य वाटतो, हे मात्र बहुतेकांना पटेल. धुक्यात उपयोग होतो तो खाली बसवलेल्या, रुंद आणि बुटक्या झोताचा.

हॅलोजनसाठी बनवलेल्या घरात दुसऱ्या जातीचा बल्ब घातला की उजेडाचा उगम जागा सोडतो. एकदोन मिलिमीटरचा फरकही पुरतो. साध्या आरशाच्या दिव्यात तर अडवायला पट्टीही नसते, उजेड चौफेर उधळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे दिव्याचा झोत खाली झुकलेला आणि समोरच्याला न दिपवणारा असायला हवा.

तपासणी घरी करता येते. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा आणि डिपर लावा. उजेडाची वरची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली दिसायला हवी. मात्र ही तपासणी गाडी रिकामी असताना झालेली असते. लग्नाहून परतताना मागे तीन माणसे आणि डिकीत बॅगा असल्या की मागची बाजू दबते, पुढचे तोंड वर होते आणि नीट लावलेला दिवाही समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची एक छोटी चकती दिलेली असते. आकडा वाढवला की झोत खाली येतो. माणसे उतरली, सामान काढले की ती पुन्हा शून्यावर आणायची, नाहीतर रस्ताच आखूड दिसेल.